ग्लायॉक्सल : बाटलीतले आणि पुस्तकातले

ग्लायॉक्सल हे सर्वांत लहान डायअल्डिहाइड आहे. दोन कार्बन अणू, प्रत्येकाचा एकेक अल्डिहाइड गट (–CHO), आणि दोन्ही गट एकमेकांना थेट जोडलेले, एवढीच त्याची रचना आहे. रेणुसूत्र C₂H₂O₂, रेणुभार सुमारे ५८. फळ्यावर ही रचना काढायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि म्हणूनच ती शिकवताना आपण फार पटकन पुढे जातो, असे मला वाटते. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. अल्डिहाइड आणि कीटोन या प्रकरणात ग्लायॉक्सलच्या वाट्याला जेमतेम अर्धे पान येते. परंतु कापूस आणि केळी पिकवणाऱ्या या मुलखातील विद्यार्थ्याला त्याच्या रोजच्या जगाशी जोडून दाखवता येईल असे हे संयुग आहे, आणि त्यावर सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

शुद्ध ग्लायॉक्सल पिवळे असते. ते सुमारे १५ अंश सेल्सिअसला वितळते आणि ५१ अंशांच्या आसपास उकळते; म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातील दुपार त्याच्या उत्कलनबिंदूपासून फार दूर नसते. त्याची वाफ हिरवट दिसते. एवढ्या लहान सेंद्रिय रेणूला रंग असणे ही नवलाची गोष्ट आहे, कारण फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड ही त्याची जवळची भावंडे रंगहीन आहेत. कारण रचनेतच आहे. दोन कार्बोनिल गट (दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन आणि ऑक्सिजन) शेजारी आले की त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या एकमेकींत मिसळतात, वरची रिकामी पातळी खाली सरकते, आणि एरवी केवळ अतिनील प्रकाश शोषणारा हा रेणू जांभळा-निळा प्रकाशही शोषू लागतो. निळा भाग वजा झाला की आपल्या डोळ्यांना पिवळे दिसते.

हे शिकवून झाल्यावर चोपडा तालुक्यातील एका विद्यार्थिनीने प्रयोगशाळेतील बाटली हातात घेऊन विचारले, "सर, यावर ग्लायॉक्सल लिहिले आहे, पण आतले द्रावण तर पाण्यासारखे दिसते. पिवळा रंग गेला कुठे?" मला हा प्रश्न अतिशय मोलाचा वाटला, कारण ग्लायॉक्सलचे सारे रसायनशास्त्र या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहे.

बाजारात ग्लायॉक्सल शुद्ध स्वरूपात मिळत नाही. मिळते ते त्याचे ४० टक्के जलीय द्रावण, रंगहीन किंवा अगदी फिकट पिवळसर. आणि त्या द्रावणात OHC–CHO या रूपातील रेणू जवळजवळ नसतातच. शेजारच्या कार्बोनिल गटाच्या ओढीमुळे प्रत्येक अल्डिहाइड गटाचा कार्बन इलेक्ट्रॉनांसाठी इतका आसुसलेला असतो की पाण्याचा रेणू त्यावर ताबडतोब येऊन बसतो. दोन्ही गटांवर पाणी बसले की चार हायड्रॉक्सिल गट असलेले हायड्रेट तयार होते. द्रावण जसजसे संहत होत जाते तसतशी ही हायड्रेट आपसांत जोडली जातात आणि डायऑक्सोलेन कडे (तीन कार्बन आणि दोन ऑक्सिजन अणूंचे) असलेले द्विवारिक, त्रिवारिक, म्हणजे दोन किंवा तीन रेणू जुळून झालेले, मोठे रेणू बनतात. या कोणत्याही रूपात कार्बोनिल गट उरलेला नसतो. म्हणून निळा प्रकाश शोषला जात नाही, आणि म्हणून रंगही नसतो. त्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितले, की रंग गेला हाच पाणी बसल्याचा पुरावा आहे, आणि तो पाहण्यासाठी कोणत्याही महागड्या यंत्राची गरज नाही.

हे सारे बदल उलट फिरू शकतात. मूठभर मुक्त अल्डिहाइड एखाद्या अभिक्रियेत खर्च झाले की समतोल सरकतो, हायड्रेटमधून पाणी निघून जाते आणि नवे अल्डिहाइड मोकळे होते. त्यामुळेच हे रंगहीन द्रावण टॉलेन्स अभिकारकाबरोबर (अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट) परीक्षानळीच्या काचेवर चांदीचा आरसा देते आणि फेलिंगच्या द्रावणाचेही क्षपण करते. खरे पिवळे ग्लायॉक्सल पाहायचे असेल तर त्रिवारिकाचे कोरडे चूर्ण फॉस्फरस पेंटॉक्साइडबरोबर तापवावे लागते. ते पाणी ओढून घेते, हिरवी वाफ निघते आणि थंड पृष्ठभागावर पिवळा पदार्थ जमतो. पाण्याचा अंश मिळाला की तो पुन्हा बहुवारिकात बदलतो. पदवीच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वाफ डोळ्यांना आणि श्वासमार्गाला घातक असते, आणि वाफ खेचून घेणारी चांगली बंदिस्त चौकट सगळ्या महाविद्यालयांकडे नसते.

हे संयुग प्रथम तयार केले आणि त्याला नाव दिले ते जर्मनीत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये काम केलेले रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख डेबुस यांनी, १८५० च्या दशकात. त्यांनी इथेनॉलचे नायट्रिक आम्लाने सावकाश ऑक्सिडीकरण केले होते. आज कारखान्यांत दोन मार्ग वापरले जातात. पहिल्या मार्गात इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाड्यांच्या रेडिएटरमध्ये शीतक म्हणून घालतात तेच, वाफेच्या रूपात हवेबरोबर चांदीच्या किंवा तांब्याच्या तप्त उत्प्रेरकावरून नेतात. ग्लायकॉलचा एक रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू यांपासून ग्लायॉक्सलचा एक आणि पाण्याचे दोन रेणू बनतात. तापमान आणि हवेचे प्रमाण जरा चुकले की ऑक्सिडीकरण तेथे न थांबता कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाते, म्हणून या पद्धतीत खरे कौशल्य थांबवण्याचे आहे. दुसऱ्या मार्गात अ‍ॅसिटाल्डिहाइडचे द्रवरूपातच नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकरण करतात. अ‍ॅसिटाल्डिहाइड इथेनॉलपासून मिळते आणि इथेनॉल साखर कारखान्याच्या मळीपासून. म्हणजे उसाच्या चिपाडापर्यंत नव्हे, पण रसापर्यंत तरी या संयुगाचा धागा मागे नेता येतो. मोठ्या प्रमाणावरील व्यापारी उत्पादन फ्रान्समधील लामोत येथे १९६० मध्ये सुरू झाले.

तयार करण्याची आणखी एक रीत औद्योगिकदृष्ट्या निरुपयोगी असली तरी ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बेंझीनवर ओझोनची क्रिया करून मिळालेला पदार्थ फोडला तर कड्याचे तीन तुकडे होतात आणि तिन्ही ग्लायॉक्सलचे असतात. आता बेंझीनऐवजी ऑर्थो-झायलीन घ्या, ज्यात दोन मिथिल गट शेजारी आहेत. दुहेरी बंध एकाच ठिकाणी पक्के बसलेले असते, तर एकाच मांडणीतून मिळणारे तुकडे हाती आले असते. प्रत्यक्षात ग्लायॉक्सल, मिथिलग्लायॉक्सल आणि डायमिथिलग्लायॉक्सल ही तिन्ही ३ : २ : १ या प्रमाणात मिळतात, आणि केकुले या रसायनशास्त्रज्ञाने सुचवलेल्या, कड्यात एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या दोन्ही मांडण्या समसमान धरल्या तर कागदावर नेमके हेच प्रमाण निघते. लेव्हिन आणि कोल यांनी १९३२ मध्ये हे दाखवले. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत स्वतः करून पाहावे. कड्यातील इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात हे वाक्य त्यानंतर पाठ करावे लागत नाही.

अभिक्रियांकडे वळताना एक बाब प्रथम ध्यानात घ्यावी. अल्डिहाइड गटाच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन असेल तर आम्लारीच्या (उदाहरणार्थ सोडियम हायड्रॉक्साइडच्या) सान्निध्यात अल्डॉल अभिक्रिया, म्हणजे दोन अल्डिहाइड रेणूंची जोडणी, होते. ग्लायॉक्सलमध्ये शेजारचा कार्बन स्वतःच अल्डिहाइड आहे, त्यामुळे ती वाट बंद आहे. म्हणून आम्लारी मिळताच कॅनिझारो अभिक्रिया होते, तीही रेणूच्या आतल्या आत : एका कार्बनवरील हायड्रोजन शेजारच्या कार्बनवर जातो, एक टोक आम्ल बनते, दुसरे अल्कोहोल, आणि हाती ग्लायकॉलिक आम्लाचा क्षार येतो. या अभिक्रियेत बरीच उष्णता बाहेर पडते, ही गोष्ट साठवणुकीच्या संदर्भात पुन्हा येईल. अमोनिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्याबरोबर ग्लायॉक्सल पाच अणूंचे इमिडॅझोल कडे बनवते. डेबुस यांनीच १८५८ मध्ये ते मिळवले. फॉर्माल्डिहाइडऐवजी अ‍ॅसिटाल्डिहाइड घेतले तर २-मिथिलइमिडॅझोल मिळते, आणि त्याचे नायट्रेशन करून पुढे जे औषध तयार होते ते मेट्रोनिडॅझोल. आव पडू लागली की तालुक्याच्या दवाखान्यातून जी गोळी मिळते, तिच्यातील कड्याचे दोन कार्बन असे ग्लायॉक्सलमधून आलेले असू शकतात. ऑर्थो-फिनिलीनडायअमीनबरोबर क्विनॉक्सॅलीन बनते, आणि द्रावणातील ग्लायॉक्सल ओळखण्यासाठी व मोजण्यासाठी ही अभिक्रिया सोयीची पडते. ग्लायॉक्सलचे एकच टोक नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकृत केले की ग्लायॉक्सिलिक आम्ल मिळते. त्यापासून ग्वायाकॉलच्या साहाय्याने व्हॅनिलीन आणि युरियाच्या साहाय्याने मलमांत वापरले जाणारे अ‍ॅलनटॉइन तयार करतात.

आता कापसाकडे. खानदेशात कापूस वेचणीपासून जिनिंगपर्यंत, सरकीपासून रुईच्या गाठींपर्यंत सर्वांना ठाऊक आहे; अमळनेर, धुळे आणि जळगाव येथे कापडगिरण्याही होत्या. मात्र कापड विणून झाल्यावर त्यावर जे रासायनिक संस्कार होतात त्यांविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. सुती सदरा घामाने किंवा पाण्याने ओला झाला की चुरगळतो. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. त्या एकमेकींशी हायड्रोजन बंधांनी धरलेल्या असतात. तंतूच्या अस्फटिकी भागात पाणी शिरले की हे बंध सुटतात, साखळ्या घसरतात, आणि वाळताना नव्या जागी नवे बंध बनतात. ही नवी जागा म्हणजेच सुरकुती. तिच्यावर उपाय एकच : साखळ्यांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे पक्के आडवे बंध घालायचे, जेणेकरून घसरलेली साखळी पुन्हा मूळ जागी खेचली जाईल.

केवळ ग्लायॉक्सलनेही असे आडवे बंध घालता येतात, पण उद्योगात रूढ झाले ते त्याचे एक अपत्य. ग्लायॉक्सल आणि युरिया यांच्या संयोगाने दोन हायड्रॉक्सिल गट असलेले पाच अणूंचे कडे बनते. त्याच्या दोन्ही नायट्रोजनांवर फॉर्माल्डिहाइड जोडले की डायमिथायलॉल डायहायड्रॉक्सी इथिलीन युरिया हे लांबलचक नावाचे संयुग मिळते, ज्याला कापडप्रक्रियेतील लोक डीएमडीएचईयू म्हणतात. कापड याच्या द्रावणातून काढतात, त्यात मॅग्नेशियम क्लोराइडसारखा आम्लधर्मी उत्प्रेरक असतो; मग ते वाळवून १५० ते १७० अंशांच्या भट्टीतून काही मिनिटे नेतात. त्या उष्णतेत कड्यावरील गट सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी ईथर बंध करतात. 'इस्त्री लागत नाही' अशा चिठ्ठीने विकल्या जाणाऱ्या सुती कपड्यांमागे बहुतेक वेळा हीच किंवा हिच्या जवळची प्रक्रिया असते.

त्याची किंमतही मोजावी लागते, आणि ग्राहकाला ती सांगितली गेली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. आडव्या बंधांमुळे तंतूची लवचीकता कमी होते, ताण आला की तो सर्व साखळ्यांवर सारखा वाटला जात नाही, आणि कापडाची ताणशक्ती व घर्षण सहन करण्याची शक्ती लक्षणीयरीत्या घटते. कॉलर आणि बाही यांच्या कडा लवकर झिजतात त्या यामुळे. शिवाय अशा कापडातून थोडे थोडे फॉर्माल्डिहाइड सुटू शकते, ज्याने काहींच्या त्वचेला त्रास होतो. नवा सदरा प्रथम धुऊनच घालावा हा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह या दृष्टीने अगदी योग्य आहे. फॉर्माल्डिहाइड टाळण्यासाठी साध्या युरियाऐवजी डायमिथिल युरिया घेऊन त्याची ग्लायॉक्सलशी अभिक्रिया करतात. असे कापड फॉर्माल्डिहाइडमुक्त असते, पण सुरकुत्या रोखण्याचे काम काहीसे कमी प्रतीचे होते.

कापडातील बंध टिकावेत म्हणून एवढी धडपड करावी लागते, पण ग्लायॉक्सलचे मला सर्वांत आवडणारे उपयोग नेमके उलटे आहेत : जेथे बंध काही काळाने सुटावा अशीच अपेक्षा असते. स्टार्चचेच पाहू. धोतराला किंवा सुती साडीला दिलेली खळ पहिल्याच धुण्यात निघून जाते, कारण स्टार्च पाण्यात सुटते. कागदावर गुळगुळीत थर देण्यासाठीही स्टार्च वापरतात, आणि तेथे ते ओलाव्याने सुटून चालत नाही. ग्लायॉक्सल घातले की ते स्टार्चच्या दोन साखळ्यांमधील हायड्रॉक्सिल गटांशी हेमिअ‍ॅसिटल बंध (अल्डिहाइड आणि हायड्रॉक्सिल गट यांच्यातील, उलट फिरू शकणारा बंध) करते, आणि थर पाण्याला दाद देत नाही. हात पुसण्याच्या कागदात ग्लायॉक्सल जोडलेले पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड घालतात. त्यामुळे ओला झाल्याबरोबर कागदाचा लगदा होत नाही, काम होईपर्यंत तो टिकतो; मात्र हेमिअ‍ॅसिटल बंध पाण्यात हळूहळू तुटत असल्यामुळे नंतर तो विरघळून जातो आणि गटार तुंबत नाही. बंध कच्चा असणे हा येथे दोष नसून गुण आहे.

याहून सुंदर उदाहरण रंगांच्या कारखान्यातले आहे. भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगांना दाटपणा यावा म्हणून हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोजचे चूर्ण घालतात. ते चूर्ण पाण्यात टाकताच कणांचा बाहेरचा भाग फुगून चिकट होतो, आत कोरडे पीठ अडकते आणि गुठळ्या होतात. म्हणून निर्माते कणांच्या पृष्ठभागावर थोडे ग्लायॉक्सल लावून देतात. आडव्या बंधांमुळे चूर्ण काही मिनिटे पाण्यात विरघळत नाही आणि सगळीकडे सारखे पसरते. मग पाणी किंचित आम्लारिधर्मी केले की हेमिअ‍ॅसिटल बंध सुटतात आणि सबंध द्रावण एकदम दाट होते. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देताना जो समतोल मी फळ्यावर लिहिला होता, तोच येथे घड्याळाचे काम करतो. पाण्याच्या रेणूशी होणारा बंध आणि सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटाशी होणारा बंध मूलतः एकाच जातीचे आहेत, आणि दोन्ही उलट फिरतात.

पाण्यात हायड्रेट बनून राहण्याचा आणखी एक लाभ विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांना होतो. ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी ते स्थिर करावे लागतात आणि त्यासाठी फॉर्मॅलिन वापरतात, ज्याच्या वाफेने डोळ्यांतून पाणी येते. ग्लायॉक्सलच्या द्रावणातून अशी वाफ फारशी निघत नाही, कारण उडून जाणारे मुक्त रेणूच त्यात अत्यल्प असतात. प्रथिनांमधील लायसीन आणि आर्जिनीन यांच्या बाजूच्या गटांशी त्याची अभिक्रिया होते आणि ऊती स्थिर होतात. ४ ते ५ पीएच असलेल्या ग्लायॉक्सलने काही नमुन्यांत पेशींची रचना फॉर्माल्डिहाइडपेक्षा चांगली राखली जाते असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

प्रथिनांशी जुळणारा हा गुण आपल्या शरीरात मात्र अडचणीचा ठरतो. ग्लुकोजच्या आणि मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणातून शरीरात सतत थोडे ग्लायॉक्सल तयार होत असते. ते लायसीनशी जुळून कार्बॉक्सिमिथिल लायसीनसारखी संयुगे बनवते आणि प्रथिनांमध्ये आडवे बंधही घालते. त्वचेतील कोलॅजेन किंवा डोळ्याच्या भिंगातील प्रथिने वर्षानुवर्षे बदलली जात नाहीत, म्हणून तेथे ही संयुगे साठत जातात. मधुमेहात हे अधिक वेगाने घडते. त्यावर पेशींनी स्वतःची व्यवस्था केलेली आहे. ग्लुटाथायोन हा पेशीतील लहान रेणू आणि ग्लायॉक्सलेज नावाची दोन विकरे मिळून ग्लायॉक्सलचे निरुपद्रवी ग्लायकॉलिक आम्ल करतात. ग्लायॉक्सलेजचा शोध १९१३ मध्ये लागला. वर सांगितलेली कॅनिझारो अभिक्रिया आठवून पाहा : प्रयोगशाळेत जे काम तीव्र आम्लारी करते, तेच रूपांतर पेशी सौम्य परिस्थितीत, उष्णतेचा भडका न होऊ देता, करून दाखवते.

हवेतही ग्लायॉक्सल असते. झाडांतून बाहेर पडणारे आयसोप्रीन आणि वाहनांच्या धुरातील टोल्यूइनसारखी संयुगे हवेत ऑक्सिडीकृत होऊन ते बनते, आणि पालापाचोळा किंवा पिकांचे अवशेष जाळल्यानेही. वेचणी संपल्यावर बांधावर पेटवलेल्या पऱ्हाट्यांच्या धुरातही ते असणार. हवेतील रेणू कोरडा असतो, त्याचे कार्बोनिल गट शाबूत असतात, म्हणून तो निळा प्रकाश शोषतो. आणि सुमारे ४२० ते ४६० नॅनोमीटरमधील याच शोषणावरून उपग्रह अवकाशातून त्याचे प्रमाण मोजतात. तोच रेणू ढगाच्या किंवा धुक्याच्या थेंबात शिरला की पुन्हा हायड्रेट होतो, आपसांत जोडला जातो, आणि थेंब वाळल्यावर सूक्ष्म घनकणांच्या रूपात मागे उरतो. पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांचा भुगा करून जमिनीत मिसळावा हे कृषी विभागाचे सांगणे रसायनशास्त्राच्या बाजूनेही मला पटते.

ज्यांना हे द्रावण प्रत्यक्ष हाताळायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. ग्लायॉक्सल त्वचेला संवेदनशील बनवते. वारंवार संपर्क आल्यास पुढे अगदी थोड्या मात्रेनेही पुरळ उठू शकते. त्याने आनुवंशिक द्रव्यात बदल होऊ शकतात असा संशय आहे, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा यांत तडजोड करू नये. द्रावण आम्लधर्मी असते, म्हणून ते साध्या लोखंडी डब्यात ठेवू नये. प्लॅस्टिकची किंवा काचेची बाटली घ्यावी. सोडियम हायड्रॉक्साइडचे संहत द्रावण त्याच्या जवळही ठेवू नये आणि उरलेले ग्लायॉक्सल नष्ट करण्यासाठी त्यात एकदम आम्लारी ओतू नये, कारण अभिक्रियेची उष्णता द्रावण उसळवू शकते.

एम. एस्सी. च्या मुलांकडून प्रकल्पाच्या वेळी एक चूक नेहमी होते. बाटलीवरील ४० टक्के हे वजनाने असतात. द्रावणाची घनता पाण्यापेक्षा जास्त, सुमारे १.२७ असते, म्हणून एका लिटरमध्ये ४०० नव्हे तर सुमारे ५०८ ग्रॅम ग्लायॉक्सल असते आणि संहती सुमारे ८.७५ मोलर येते. ४०० ग्रॅम धरून केलेल्या मोजमापात वीस टक्क्यांहून अधिक फरक पडतो, आणि स्टार्चच्या पातळ पापुद्र्यावर काम करताना तेवढ्या फरकाने पापुद्रा लवचीक राहण्याऐवजी ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून प्रत्येक नव्या बाटलीची घनता प्रथम मोजावी, तिचे लेबल वाचून उत्पादनाची तारीख वहीत लिहावी, आणि मगच सौम्य द्रावण तयार करायला घ्यावे.